विजेच्या वायरीतून आलेला गणपती

"गेलं! परत गेलं! अरे पळ, मेल्या, पळ!"

माझी थोरली बहीण मूर्तींच्या शेडच्या दारात उभी राहून अशी काही ओरडली, की तिकडे पेणच्या एसटी स्टँडवर बसलेल्या माणसांनी आपापल्या पिशव्या चाचपल्या असतील. मी अंगणात होतो. तोंडात अर्धा मोदक, हातात अर्धा. तसाच धावलो. शेडच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही, टीव्हीवर मॉरिशसच्या एका मंडळाचा मंच, मंचावर झेंडूची कमान, कमानीखाली लाल पडद्याआड झाकलेली मूर्ती. पडदा उघडायला पंचवीस मिनिटं उरली होती. आणि सगळं गोठलेलं. झांज वाजवणाऱ्या एका गृहस्थांचे हात हवेत तसेच राहिलेले आणि त्यांच्या बरोबर नाकावर ते पांढरं चक्र गरगर फिरतंय.

टीव्हीपासून तीस फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बहिणीची सासू बसली होती. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात.

"रोहेकर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा हात लागला की बंद पडतंय का तुम्ही घास गिळलात की?"

आता हे काय चाललं होतं ते आधी सांगतो. जमेल तितकं खरं सांगतो.

बहिणीचं सासर हमरापूरला. घरात गणपतीच्या मूर्ती करतात, म्हणजे पेणजवळच्या या गावात वेगळं सांगायला नको. पण मूर्ती कुणीही घडवो, रंग कुणीही देवो, डोळे काढणार मावशीच. त्याला आखणी म्हणतात. मावशी आखणीला बसल्या की पंखा बंद, रेडिओ बंद, आणि माझी बहीण शपथेवर सांगते की छपरावरचे कावळेसुद्धा पाय न वाजवता चालतात. गेली पन्नास वर्षं हेच. मग थंडीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्यांनी पहिले डोळे काढले ते सात फुटी मूर्तीचे. ती मूर्ती पेटीत बसून मॉरिशसला गेली. ती गेली आणि मावशींनी ब्रश धुऊन डब्यात ठेवला.

"नवीन डोळ्यांनी काढलेत," त्या म्हणाल्या. "कसे दिसतात ते लांबून बघितल्याबिगर दुसऱ्याला हात लावनार नाय. वाकडे असले तर ह्यो डबा सूनबाईचा."

मोठ्या मूर्तीचे डोळे जवळून कळत नाहीत. ते लांबून, खालून बघायचे असतात, भक्त बघतो तसे. आणि हंगामात शेडमध्ये लांब जायला जागाच नसते. दोन पावलं मागे सरकलात की पाठीला दुसऱ्या गणपतीची सोंड लागते. मंडळाच्या लोकांनी मोबाइलवर फोटो पाठवले होते. मावशींनी चष्मा वर केला, खाली केला आणि फोन परत दिला. "ह्यात देव मुगाएवढा, डोळा तिळाएवढा. मी काय बघू, डाळ?"

त्यामुळे सगळा हंगामभर आखणी माझ्या बहिणीच्या गळ्यात पडली. ती बिचारी रोज रात्री फोन करायची. "आज पंधरा काढले. पंधराच्या पंधरा माझ्याकडं रागानं बघतायत रे. तू काहीतरी कर."

ते मंडळ चतुर्थीला मूर्तीची स्थापना इंटरनेटवरून थेट दाखवणार होतं. तिकडचे साडेनऊ म्हणजे आपले अकरा. त्या दिवशी शेड रिकामी असते, सगळे बाप्पा आपापल्या घरी गेलेले असतात. म्हणजे वर्षातून एकच दिवस मावशींना तीस फूट लांब बसता येणार. टीव्ही शेडमध्येच होता, इंटरनेट मात्र पुढे राहत्या घरात. मधे अंगण चाळीस पावलांचं आणि शेडला चारी बाजूंनी पत्रा. वायफाय अंगणापर्यंत यायचं, पत्र्याला डोकं टेकायचं आणि परत जायचं. मोबाइलचं म्हणाल तर चतुर्थीच्या सकाळी सगळा पेण तालुका एकमेकांना मोदकांचे फोटो पाठवत असतो. रेंज कुठून असणार?

मी रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे. इन्स्ट्रुमेंटचं काम करतो. बॉयलर माझ्याकडे बघून आपलं तापमान स्वतःच कमी करतो, अशी माझी ख्याती आहे. निदान मी तशी ती सांगत आलोय. त्यामुळे बहिणीला म्हटलं, "तू गप्प बस, मी बघतो," आणि पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी मागवली. साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या. एक घरात राउटरजवळच्या सॉकेटमध्ये खुपसायची, दुसरी शेडमध्ये टीव्हीमागे. इंटरनेट घरातल्या विजेच्या वायरीतूनच पलीकडे जातं. नवी वायर नको, भिंतीला भोक नको.

"करंटमधून?" मावशींनी विचारलं.

"करंटमधून."

"मग देवाला शॉक नाय लागनार?"

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पहिली चाचणी घेतली. शेड तेव्हा गच्च. दोन्ही डब्यांवर एक-एक बटण. एक दाबल्यावर दोन मिनिटांत दुसरं दाबायचं, की त्या एकमेकींना ओळखतात. घरातलं बटण दाबून मी अंगण ओलांडलं आणि तीनशे गणपतींच्या मधून, एकाच्याही कानाला धक्का न लावता, आडवा तिडवा, पोट आत ओढून पलीकडे गेलो. माझं पोट आत ओढणं म्हणजे आमच्या कुंडलिका नदीला भरतीच्या वेळी थांब म्हणणं. पोचलो तेव्हा तीन मिनिटं झाली होती. पुन्हा. पुन्हा तीन. शेवटी बहिणीला शेडमध्ये उभी केली आणि मी घरातून बोंब मारली, "दाब!" तरीही जोडी जमली नाही. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, अत्यंत सावकाश माणूस, ओट्यावर बसून डबीबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत होते.

"एक्स्टेंशन बोर्डात लावू नये असं लिवलंय," ते म्हणाले.

पुस्तिका वाचणं हा मी माझ्या शिक्षणाचा अपमान समजतो. पण मी डबी एक्स्टेंशन बोर्डातच लावली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून ती काढली आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली. मधला दिवा हिरवा झाला.

टीव्ही सुरू झाला तसा शेडमध्ये असा जल्लोष झाला की रंगाच्या दोन वाट्या कलंडल्या. आणि दोन मिनिटांत बंद. दाजींनी स्प्रेचा कॉम्प्रेसर चालू केला होता. कॉम्प्रेसर घरघरला की विजेच्या वायरीत असा काही गोंधळ माजतो की इंटरनेटला आपलंच बोलणं ऐकू येत नाही. कॉम्प्रेसर बंद, टीव्ही चालू. कॉम्प्रेसर चालू, टीव्ही बंद. हे मी सात वेळा सगळ्यांना करून दाखवलं, आठव्यांदा दाजी म्हणाले, "मला दीडशे मूर्ती मारायच्यात." चतुर्थीला कॉम्प्रेसर चालणारच नव्हता, तेव्हा काळजी मिटली. मी छाती काढून रोह्याला परत गेलो.

चतुर्थीला पहाटे आमच्या घरचा गणपती बसवला. इतक्या झपाट्यानं, की बायको म्हणाली, "भटजींना श्वास तरी घेऊ द्या." मग मोदकांचा डबा घेऊन मोटारसायकलवरून निघालो. वडखळच्या नाक्यावर गाड्यांची अशी रांग, की पायी गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण पोचलो. दहा वाजता टीव्ही लावला. चित्र स्वच्छ. तिकडच्या समुद्राचा वारा आपल्या अंगाला लागेल इतकं स्वच्छ.

साडेदहाला पहिल्यांदा गेलं. आपोआप परतही आलं. मग दहा पस्तीसला ताईची ती बोंब.

आता माझ्यातला इन्स्ट्रुमेंटवाला जागा झाला. वायरीत कुणीतरी गोंधळ घालतंय, दुसरं काय? "मिक्सर बंद करा!" मी घराकडे तोंड करून ओरडलो. आत चटणी होत होती. चटणी थांबली. "फ्रिज बंद!" फ्रिज बंद. "पाण्याचा पंप? मोबाइलचे चार्जर? इस्त्री?" मखरातल्या दिव्यांच्या माळा बंद केल्या तेव्हा दाजींच्या कपाळावर आठी पडली. शेजारच्या घरात मिक्सर लागला तर तोही बंद करायला मी कुंपणावर चढलो होतो. दाजींनी सदरा धरून खाली ओढलं. "त्यांचा मीटर येगला हाय."

सगळं घर बंद, आणि चक्र फिरतंय. पावणेअकरा झाले.

मग मी टीव्हीमागे हात घातला, डबी हलवून बघावी म्हणून. आणि हात असा काढला की मोदकाच्या उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. डबी तव्यासारखी तापलेली. चांगलं बघितलं, तर डबी दिसेचना. तिच्याभोवती प्लास्टिक. एक नाही, तीन घड्या. वरून चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर सुतळी.

"ताई," मी म्हटलं, "हे काय?"

"काय म्हणजे? काल शेड धुतली. काम झालेलं होतं ना तुझं? मग झाकलं."

या घरात ही एकच शिस्त आहे. कुठलीही वस्तू पुरी झाली की तिला प्लास्टिक. मूर्तीला रंगाचा शेवटचा हात मारला की धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक. त्यांचा मिक्सर प्लास्टिकमध्ये, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा हळद उतरल्यावर तिलाही गुंडाळतील की काय अशी मला धास्ती होती. डबीला आत घाम फुटत होता. तापली की बंद, जरा निवली की चालू, परत तापली की बंद.

मी सुतळी दातांनी तोडली. प्लास्टिक काढलं. तरी मधला दिवा लाल.

"घरातली पण झाकलीस?"

ताई हळूच म्हणाली, "तिला चार घड्या. तिच्यावर मखर येनार होतं."

तर घरातली डबी मखराच्या मागे, आणि मखरात गणपती बसलेला. सकाळीच स्थापना झालेली. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवायची नसते, आणि मूर्ती करणाऱ्यांच्या घरात तर नाहीच नाही. मूर्ती टेबलावर, टेबलाला जमिनीपर्यंत जरीची झालर, मागे भिंत. एकच रस्ता, झालरीखालून.

"रांगत जातो," मी म्हटलं.

दाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. एरवी महिन्यातून चार वाक्यं बोलणारा हा माणूस दोन्ही हातांनी टेबल धरून म्हणाला, "मूर्ती तसूभर हलली तर तुमचा रोह्याला जायचा रस्ता बंद. बहीन असो नायतर नसो."

ब्याण्णव किलो वजन घेऊन मी गणपतीच्या टेबलाखाली शिरलो. डोक्यावर प्रत्यक्ष देव, पाठीला टेबलाची फळी, नाकात उदबत्तीचा धूर. शिंक आली. ती शिंक मी अशी दाबली की दोन्ही कानांत शंख वाजले. दाजी वरून कुजबुजत होते, "हळू... हळू... समई हललीय." हात लांबवला. डबी सापडली, बोटं भाजली, चार घड्या नखांनी फाडल्या. घड्यांच्या आत, डबीच्या अंगावर, हळद आणि कुंकू. तिची पूजासुद्धा झालेली होती, बिचारीची. ती काढली, सॉकेटबाहेर दोन मिनिटं सुपारीच्या पानांच्या पंख्यानं, म्हणजे खरं तर कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं, वारा घातला आणि परत लावली.

एक दिवा. दुसरा. मधला लाल. लाल. लाल. हिरवा!

"आलं!" अंगणापलीकडून ताई किंचाळली. "आलं रे! पडदा वढतायत!"

मी टेबलाखालून उलटा कसा बाहेर आलो ते मला विचारू नका. झालरीचा तुकडा माझ्या पॅंटला लागून अंगणभर आला एवढं खरं. शेडमध्ये पोचलो तेव्हा पडदा अर्धा सरकला होता. मग पुरा सरकला. हजारो कोसांवरची सात फुटी मूर्ती शेडच्या भिंतीवर उभी राहिली, झांजा सुरू झाल्या, ताईनं हात जोडले, दाजीसुद्धा टेबल सोडून पळत आले होते. मी इतक्या जोरानं "मोरया" म्हणालो की मॉरिशसच्या एका माणसानं मागे वळून बघितलं. माझी तशी खात्री आहे.

मावशी उठल्या. टीव्हीपासून आणखी मागे, शेडच्या पार दारापर्यंत गेल्या. तिथून बघितलं. मग खाली जमिनीवर बसल्या, मान वर करून बघितलं. चष्मा काढला, घातला. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, तिकडे प्रसाद वाटायला लागले. ताई ओठ दाताखाली धरून उभी, कारण त्या डब्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. मला मात्र गप्प राहवेना.

"मावशी," मी म्हटलं, "डोळे बोलतायत हो! साक्षात माझ्याकडे बघतायत! इतक्या लांबून, करंटमधून! आता सांगा, काय ठरलं?"

मावशींनी लुगड्याला चष्मा पुसला.

"उजवा बरा झालाय," त्या म्हणाल्या. "डावा फुडच्या साली."