आईचे कान आणि बोर्डाचं बटण

माझी आई आमच्या आगऱ्यांच्या लग्नांत धवले म्हणते. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ, आणि पालेगावातल्या कितीतरी नवऱ्या तिच्याच आवाजात सासरी गेल्या. म्हणून भावजयीने जेव्हा सांगितलं की आईंनी सख्ख्या नातीच्या लग्नात म्हणायला नकार दिलाय, कुळगावची धवलारीण बोलवा म्हणतात, तेव्हा माझं डोकंच सटकलं. मी तरातरा आईसमोर जाऊन उभी राहिले.

"मना माजाच आवाज आयकू येत नाय बाय," आई म्हणाली. "सुरात हाय का नाय, कसा कलंल? भर मांडवात हसं व्हायचा."

हा साक्षात्कार तिला कॉम्प्युटरवरून झाला होता. तो जुनाच, उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पातून मी उचललेला. "विंडोज भारी पडेगा, लिनक्स डाल दिया है, मक्खन चलेगा," असं दुकानदार म्हणाला होता. मी त्यात तिच्याच आवाजातले जुने धवले भरून ठेवले, स्पीकर जोडले. मी कामावर गेले की दुपारी ती ते लावून उजळणी करायची. संध्याकाळी बघावं तर स्क्रीनवरची आवाजाची पट्टी पार खाली.

"अगं, कान नाही, कॉम्प्युटर बिघडलाय!"

"वयाला मशीनीचा नाव नको दिऊ," ती म्हणाली. टीव्ही जळाल्यापासून घरात पडताळून बघायला दुसरं काही नव्हतं.

मी इरेला पेटले. रोज सकाळी एका हाताने केस विंचरत पट्टी वर ढकलायची, इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेली एखादी आज्ञा स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत टाइप करायची आणि पळायचं. मशीन नीट बंद करून, पुन्हा चालू करून बघा, असं सगळेच लिहीत होते. तेवढा धीर कुणाला? बाहेर शेअर रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मी काय कॉम्प्युटर उठायची वाट बघत बसू? संध्याकाळी पट्टी पुन्हा खाली, आणि तेव्हा मोठ्याने लावून दाखवते म्हटलं तर आई ऐकायलाच तयार नाही. लग्न जवळ येत होतं, कुळगावच्या बाईला सुपारी द्यायची वेळ आली होती, आणि आई हल्ली स्वयंपाक करतानाही गुणगुणत नव्हती. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

एका सकाळी डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. आई टाचा उंचावून भिंतीवरचं मेन बटण खाली पाडत होती. खट्. पंखा थांबला, कॉम्प्युटर काळा.

"आये! असा कुणी बंद करतं का?"

"मंग कसा? समोरच्या टावरचा काम चालू झाला का लाईट कमीजास्त होते. टीवी तसाच गेला ना? तू तर सगला चालू टाकून पलतंस."

आमच्या आळीत सगळ्याच बायका हे करतात. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. हा कॉम्प्युटर नीट बंद होताना जाता जाता आवाज लक्षात ठेवतो. आमच्या घरी त्याला तशी सवडच मिळत नव्हती, म्हणून उठताना तो दुकानात लावून दिलेला बारीक आवाजच धरून बसायचा. हे मी तिला दोनदा समजावलं. तिने त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही.

"म्हंजे माजे कान बरे हायेत?" तिने हळूच विचारलं.

रिक्षा गेली तर गेली. बटण वर केलं, कॉम्प्युटर सुरू केला, पट्टी टोकाला नेली, नीट बंद केला आणि तो पुन्हा उठेपर्यंत नखं खात बसले. मग हळदीचा धवला लावला.

आई दचकून मागे सरली. दोन्ही हात कानांवर.

"बारीक कर गो, कान फोरतंस काय माजे!" ती ओरडली. मग हात काढून जरा वेळ ऐकत राहिली, पुढची ओळ स्पीकरच्या आधी तिनेच उचलली, आणि मधेच थांबून म्हणाली, "वयनीला फोन लाव. कुलगावच्या बायला सुपारी नको दिऊ म्हनावं."