पडलेल्या शहरात पाणी कोण सोडतं

शहर मी पहिल्या दहा मिनिटांत पाडलं. तट फुटला, राजा पळाला, परक्या फौजेचे झेंडे वेशीवर चढले. हे सगळं मस्तगड भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, रविवारी दुपारी, चिवड्याच्या परातीभोवती.

खेळ असा: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, काय करायचं ते तोंडानं सांगतात, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सांगणारा मी. खेळणारे तिघं: बायको, शाळेपासूनचा मारवाडी मित्र, म्हणजे आमचा शेठ, आणि अंबडकडच्या खेड्यातून मोटारसायकलवर येणारा माझा आतेभाऊ, दादा.

आधीचे दोन खेळ माझ्यामुळेच अर्ध्यात मेले होते. एकात मी राक्षसाला तासभर भाषण करू दिलं. दुसऱ्यात तिघांनाही एकाच खड्ड्यात पाडलं आणि वर काढायची सोय करायला विसरलो. दादानं बजावलंच होतं, "ह्या खेपेला वात आणलास तर मी पुन्हा येणार न्हाई. कपाशी सोडून येतो मी."

म्हणून महिनाभर खपून मी चाळीस पानी वही लिहिली. शत्रूच्या सेनापतीची सात पिढ्यांची वंशावळ, घोडदळ, जमावबंदीचे हुकूम, सगळं. चार वाजेपर्यंत बंड पेटलं पाहिजे, असा हिशेब.

"शत्रू दारात आहे," मी आवाज खोल करून म्हणालो. "काय करता?"

"पाणी कोण सोडून राह्यलं?" बायकोनं विचारलं.

"कुठलं पाणी?"

"शहरातलं. राजा पळाला, बराबर. पाणी सोडणारा पण पळाला का?"

चाळीस पानांत पाण्याचा थेंब नव्हता. आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, आला की मीच बनियनवर बादल्या घेऊन धावतो. पण वही लिहिताना मला घोडे दिसले, त्यांना तहान लागते हे दिसलं नाही. घाईघाईत मी एक म्हातारा जन्माला घातला. टेकडीवरच्या हौदातून गल्लोगल्ली पाणी सोडणारा, खांद्यावर झडपा फिरवायची पुरुषभर लोखंडी चावी.

तिघांनी त्याला जावयासारखं धरून बसवलं. "चाचा, चहा घ्या. जल्दी न्हाई," शेठ म्हणाला. दादा विचारू लागला, कोणत्या गल्लीला कधी सुटतं, फौजेच्या पागेला पहिलं का. मी म्हाताऱ्याच्या आवाजात खोकत खोकत उत्तरं देत होतो आणि टेबलाखाली माझा पाय शिवणयंत्रासारखा हलत होता. चार वाजले. साडेचार. बायकोनं सेनापतीच्या वंशावळीच्या पाठीमागं गल्ल्यांचा नकाशा काढला. एकाचीही तलवार म्यानाबाहेर नाही!

मला राहवलं नाही. मी शत्रूचे स्वार आणले आणि फासाही न टाकता म्हाताऱ्याला वेशीवर लटकवला. म्हटलं, आता पेटतील.

पेटले. माझ्यावर.

दादानं पेन खिशाला लावला. "उद्या पागेचं पाणी तोडणार होतो आम्ही. घोडे जागेवर बसले असते. बंडच चालू होतं की, लेका!"

"मग सांगायचं ना!"

"तू ऐकत होतास का?" तो गेला. शेठ चप्पल घालता घालता म्हणाला, "भाई, तुझ्या त्या सेनापतीपेक्षा तूच जालीम निघाला."

आठवडाभर ग्रुपवर चिडीचूप. मी फुलाचं चित्र टाकून शुभ सकाळ म्हणून पाहिलं. जेवताना, दाढी करताना, फोन उलटा-सुलटा. शनिवारी वहीत म्हाताऱ्याला जादूनं जिवंत केलं आणि बायकोला वाचून दाखवलं.

"मेलेल्याला उठवू नका," ती मेथी निवडत म्हणाली. "मारला तुम्ही, आता निस्तरा. त्याची चावी कुठं गेली, ते सांगा."

रविवारी अकराला मी ग्रुपवर लिहिलं: म्हाताऱ्याच्या बायकोनं चावी पिठाच्या डब्यात लपवली आहे. स्वार घराची झडती घेत आहेत.

दोघांनी वाचलं. मी दार ते मोरी अशा इतक्या फेऱ्या मारल्या की बायको ओरडली, "नळ आलाय, बादल्या तरी भरा!"

तिसऱ्या बादलीला फोन वाजला. दादा: "पुरुषभर चावी डब्यात कशी मावंल रे?"

शेठ: "बिलकुल न्हाई मावत."

ओल्या अंगठ्यानं मी विचारलं, "मग कुठं ठेवू?"

दादा: "तू काहीच ठेवू नको. कडब्याच्या गंजीत मी ठेवतो. निघालोय. तवर झडती थांबव."

बादली भरून वाहत होती, आणि मी नळ तसाच सोडून स्वारांना दारातच उभं करायला वहीकडे धावलो.