अर्धा कोयता

आमच्या भागात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. दसरा जवळ आला की मुकादम गावात फिरतो आणि विचारतो, "यंदा किती कोयते?" तेव्हा तो हत्यारांबद्दल विचारत नसतो. नवरा ऊस तोडणार. बायको पाचट काढणार, मोळी बांधणार, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवणार. अशी दोघं मिळून एक. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. माझे आई-अण्णा माझ्या जन्माच्या आधीपासून एक कोयता आहेत. मी उसाच्या फडातच चालायला शिकले असं आई सांगते आणि वर म्हणते, "म्हून तर अजून वाकडी चालतीस."

आईची गर्भाची पिशवी फार लवकर काढली. आमच्याकडे बऱ्याच जणींची काढतात, त्यात नवल वाटावं असं काही उरलेलं नाही. तेव्हापासून तिची कंबर गेली. वडवणीचा डॉक्टर म्हणाला, वजन उचलू नका. त्याच्या बोलण्यावरून वाटावं, आई हौसेनंच उचलत होती.

मग सरकार बायकांच्या खात्यात महिन्याला पैसे टाकू लागलं. मी तोवर लग्न होऊन बीडला आले होते. माझी धाकटी बहीण घरी होती, दहावीला. लहानपणी अर्धं वर्ष फडात जायचं म्हणून तिला शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे वर्गात सगळ्यांपेक्षा उंच. पहिल्या हप्त्याची गोष्ट तिनंच मला फोनवर सांगितली. आई बाजाराच्या दिवशी वडवणीला गेली, मशीनवाल्यापुढं अंगठा ठेवला, पैसे घेतले, पदराला बांधले, दोन दुकानं पुढं गेली आणि परत आली. म्हणाली, "भाऊ, आता हे परत आत ठिव."

"कावून काढले मग, मावशी?"

"खरंच हायत का ते बघायला."

आम्ही दोघी बहिणी फोनवर पोट धरून हसलो. पण आईच्या तोंडी तेव्हापासून एक नवीन शब्द आला. "माझे पैसे." त्याआधी घरात माझं म्हणावं असं तिचं काय होतं, ते मला आजही आठवत नाही. चार भांडी, तीही आजीची.

दसऱ्याच्या आधी तिनं अण्णांना सांगितलं, "यंदा मी येत न्हाई. मला सरकार देतंय तेवढ्यात मी अन् पोरगी भागवू. तिची दहावी होऊ द्या." अण्णा काही वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "ऱ्हा की. तुझी कंबर मला दिसती का न्हाई?" आणि त्यांनी मुकादमाला विचारलं, अर्धा कोयता घेता का. मुकादम आमच्या लांबच्या नात्यातला. तो म्हणाला, "अर्ध्या कोयत्याचं काय करू बे मी? लोणचं घालू?"

अण्णा घरी राहिले. गावात काम शोधत फिरले. कापूस वेचायला बायकाच लागतात, आणि त्यांनाही यंदा मजुरी वाढवून मिळत नव्हती. एका जमीनवाल्यानं आईला तोंडावर सांगितलं, "तुमाला काय कमी हाय आता? सरकार देतंय की घरबसल्या." त्याच्या बायकोच्या खात्यातही तेच पैसे येत होते, पण ते बोलायचं कुणी? दुकानदाराला हप्त्याची तारीख आईच्या आधी कळायची. तेल, मीठ, अण्णांचा बसचा खर्च, अण्णांची तंबाखू. एका बाईला आणि एका पोरीला टेकू देतील असे ते पैसे होते. त्यावर एक धडधाकट कामाचा माणूस रिकामा बसवला की ते कुठवर पुरणार? हाताला कामाची सवय असलेला माणूस घरात बसला की घर लहान होतं. अण्णा दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचे आणि संध्याकाळी कुणाशीच बोलायचे नाहीत.

गावातून ऊसतोडीच्या गाड्या गेल्या तरी मुकादमाच्या टोळीत एक जागा रिकामी होती. तो ओट्यावर येऊन बसला तेव्हा बहीण डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा पाण्याच्या घागरी घेऊन आली. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "आरं, ही हाय की. बापलेकीचा कोयता चालतो आपल्याला."

आई म्हणाली, मी येते. बहीण म्हणाली, "तू कुठं येतीस? तुला खाली बसून उठवत न्हाई. मी जाती अन् परीक्षेला परत येती." आईनं वाद घातला, रडली, जेवली नाही. मला फोन आला तेव्हा मी अण्णांना म्हटलं, तिला माझ्याकडं बीडला पाठवा, मी शिकवते. अण्णा शांतपणे म्हणाले, "पाठवतो. मग माझ्या जोडीला तू येतीस का?" माझं लेकरू तेव्हा अंगावर पीत होतं.

अशी आई घरी राहिली आणि बहीण गेली. आईला हवं होतं ते तिला मिळालं, यावर गावातल्या बायका तिला नशीबवान म्हणू लागल्या. "कोयता सुटला बाई तुझा." मी संक्रांतीला गेले तेव्हा ती एकटीपुरती भाकरी करत होती आणि तीही उरत होती. फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तर ती फोन उपडा ठेवायची. मला म्हणाली, "पैसं माझ्या नावावर येतेत अन् मोळी पोरीच्या डोक्यावर हाय. हे कसलं देणं म्हणायचं?" मला संताप आला होता, पण कुणावर करायचा ते समजत नव्हतं. सरकारवर करावा तर पैसे खरेच येत होते. अण्णांवर करावा तर ते स्वतः थंडीत पहाटेपासून फडात वाकलेले.

परीक्षा आली तरी कारखान्याचा पट्टा पडला नव्हता, म्हणजे गाळप चालूच होतं. मुकादम बहिणीला सोडेना. ती निघाली की अण्णा अर्धे, आणि ट्रक अर्धाच भरणार. मग आईनं खात्यातले सगळे पैसे काढले, या वेळी परत आत ठेवा म्हणाली नाही. एसटीनं दोन ठिकाणी गाडी बदलत ती एकटी फडावर गेली. मुकादमाला म्हणाली, "पोरगी पेपर देऊन येस्तोवर तिच्या जागी मी हाय. कोयता पुरा हाय ना तुमचा?" तो म्हणाला, चढवून दाखव.

पुढचं मला बहिणीनं सांगितलं. तिची पिशवी भरून तयार होती, हॉलतिकीट सरांकडून आईनं आणलं होतं. आईनं मोळी उचलली. फळीवर निम्मी चढली आणि तिथंच थांबली. ना वर जाता येईना, ना खाली. मागं दुसरा कोयता खोळंबला. आई कुणाला हाक मारेना. बहिणीनं पिशवी खाली ठेवली, फळीवर गेली, आईच्या डोक्यावरची मोळी आपल्या डोक्यावर घेतली आणि वर चढवली. मग दुसरी, मग तिसरी. परतीची गाडी तिनं पुन्हा विचारलीच नाही. आई दोन दिवस फडावरच्या पाचटाच्या कोपीत पडून राहिली आणि एकटी गावी परत आली. निघताना बाकीच्या पैशांच्या तिनं लेकीसाठी कसल्या तरी बांगड्या घेऊन तिच्या हातात भरल्या होत्या.

पाडव्यानंतर टोळी परतली. बहिणीचं गावभर कौतुक झालं, आईपेक्षा चपळाईनं मोळी बांधते म्हणून. मी तेव्हा माहेरीच होते. मुकादम पुन्हा ओट्यावर येऊन बसला आणि या वेळी स्थळ घेऊन आला. त्याच्या टोळीतलाच पोरगा, घरचं कुणी नाही, अर्धा कोयता. मी म्हटलं, तिला अजून अठरा पूर्ण नाहीत. तो म्हणाला, "दिवाळीपस्तोर हुतेल की." बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "दहावी न्हाईच झाली आता. कुठं तरी जायचंच हाय." असं ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

आईनं मुकादमाला विचारलं, "मग ह्यांचा कोयता?"

अण्णांनी आपल्या तळहाताकडं बघितलं. मग फार मायेनं म्हणाले, "तू येशील की. हळूहळू करू आपण."

आईनं मान हलवली. नंतर तिनं मुकादमाला एवढंच विचारलं, जावयाचा फड आमच्यापासून लई लांब तर नसंल ना? तो म्हणाला, "लांब कसला? एकच टोळी हाय. रोज दिसंल लेक तुला." आणि हे ऐकून आईला खरोखर बरं वाटलं. माझ्याकडं वळून ती हसली. ते हसू मला बघवलं नाही.