गाडी कोण चालवत होतं?

लोहाऱ्याच्या दवाखान्यात मी नर्स आहे. माझे यजमान जवळच्या गावात शिक्षक. घरीसुद्धा मी त्यांना सरच म्हणते. गाडी घेतली तेव्हा पैसे दोघांचे लागले आणि नाव सरांचं लागलं. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. सरांना गाडी येत नव्हती. एकदा शिकाऊ लायसन काढलं, तेही मुदत संपून कपाटात पडलं. चालवायची मीच. नळदुर्गच्या हायवेवर ट्रकांच्या मधून, आठवडी बाजारात शेळ्यांच्या मधून, सासूबाईंना सोलापूरच्या डॉक्टरकडं नेताना. चार-साडेचार वर्षांत एक ओरखडा नाही.

याला विम्यात नो क्लेम बोनस म्हणतात. वर्षभर भरपाई मागितली नाही की पुढच्या हप्त्यात सूट, आणि ती दरवर्षी वाढत जाते. विम्याचा एजंट यायचा आणि सरांचं अभिनंदन करायचा. मी एकदा त्याला विचारलं, उद्या मी माझ्या नावावर गाडी घेतली तर ही सूट मला मिळेल का? तो म्हणाला, सूट मालकाची असते, चालवणाऱ्याची नाही; तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागेल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी रोज शेजारच्या सीटवर बसवून शाळेत सोडत होते.

गेल्या वर्षी आम्ही तुळजापूरला गेलो. दर्शन झालं, मी लॉजच्या खोलीतून बॅग आणायला वर गेले. खाली सरांना जुने मित्र भेटले. त्यांच्यासमोर बायकोची वाट बघत उभं राहायची त्यांना लाज वाटली म्हणे. किल्ली हातात होती, गाडी फाटकापर्यंत न्यावी असं मनात आलं. मी खाली आले तेव्हा गाडीचं तोंड फाटकाच्या दगडी खांबात होतं. बॉनेट दुमडलेलं, रेडिएटरचं पाणी वाहतंय, सर घामाघूम. कुणाला लागलं नाही हे बघून मी देवीला हात जोडले. रागवायचं राहूनच गेलं.

राग आला तिसऱ्या दिवशी. एजंट भरपाईचा फॉर्म घेऊन घरी आला. गाडी कोण चालवत होतं, असा त्यात एक रकाना होता. त्यानं पेन माझ्यापुढं धरलं.

"वैनी, सरांकडं लायसन न्हाय. तुमचं नाव टाकतो, इथं सही करा."

मी सरांकडं पाहिलं. ते म्हणाले, "अगं, नुसतं कागदावर तर आहे."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी चालवली तेव्हा त्या कागदावर माझं नाव कुठंच लागलं नाही. हे पंधरा पावलं गेले आणि लगेच लागलं! सूट यांची आणि ठोकर माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती सुद्धा संन्याशाच्या सहीनं. शिवाय पाहुण्यारावळ्यांत एकच फिरणार होतं, बाईनं ठोकली म्हणून. मी पेन परत दिलं आणि ज्यानं ठोकली त्याचं नाव लिहायला सांगितलं. तसं लिहिलं तर एक रुपया मिळणार नाही, एजंट म्हणाला. मग मागूच नका, मी म्हणाले. दुरुस्ती सरांनी आपल्या पगारातून केली. आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं होतं.

क्लेम केलाच नाही, त्यामुळं बोनस शाबूत राहिला. या वर्षी विम्याचं नूतनीकरण झालं आणि सूट सगळ्यात वरच्या पायरीला पोचली. त्या सकाळी मी सरांना शाळेत सोडायला निघाले होते. वाटेत त्यांच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला: सलग पाच वर्षं सुरक्षितपणे वाहन चालवल्याबद्दल आपलं अभिनंदन. मला वाटलं, आता तरी हसतील, निदान ओशाळतील. तेवढ्यावर मी सगळं सोडून दिलं असतं. पण ते खूश होऊन म्हणाले, "बघ, कंपनीनं दखल घेतली. ग्रुपवर टाकू का?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरले.

"टाका," मी म्हणाले. "आणि इथून पुढं चालवा."

समोरून लोहाऱ्याला जाणारी जीप येत होती. मी हात केला आणि जाऊन बसले.