न पळालेल्यांची पाटी

झाशीतल्या मराठी घरांचं ऐकलं, तर सत्तावन साली राणीच्या मागे इतके सरदार होते की इंग्रजांना उभं राहायलाही जागा मिळाली नसावी. आमचे काका त्यातलेच. जन्मभर रेल्वेत बाबूगिरी केली आणि निवृत्त झाल्यावर एकदम वंशज झाले. आमच्या गल्लीला आमचं आडनाव द्यावं, तोंडाशी संगमरवरी पाटी लावावी, म्हणून त्यांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले. मजकूर मात्र मी लिहायचा, कारण मी शाळेत इतिहास शिकवत होते. ‘शहर जळत असताना ज्या घराण्याने ही गल्ली सोडली नाही’, हे वाक्य त्यांनीच सांगितलं.

मला हसू आलं. नवरात्रात आमचे देवांचे टाक उजळले की पहिला नैवेद्य समोरच्या तेल्याच्या घरी जातो. लहानपणी ते ताट मीच नेत असे. आपल्या आश्रयाची माणसं, त्यांना द्यावं लागतं, असं काका सांगायचे. पुढे एकदा मी तिथल्या म्हातारीलाच कारण विचारलं. ती सहज सांगून गेली, की गोरे शहरात शिरले तेव्हा तुमचे लोक गुरसरायला पळाले, देव इथेच राहिले. आम्ही ते घाण्याजवळ पेंडीत पुरले आणि काही वर्षांनी तुम्ही परतलात तेव्हा तेल पुसून हातात दिले. गल्ली कोणाची, हे शोधायला मला दुसरं दफ्तर नको होतं.

हे काकांच्या कानावर घातलं, तर ते चिडलेसुद्धा नाहीत.

"मला काय मालूम नाही? पण म्हणून पाटीवर तेल्याचं नाव घालू?"

बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हा. मला किळस आली. तरीही घरात वाद नको म्हणून मी मजकूर लिहून दिला, वर शुद्धलेखनही तपासलं.

अनावरणाला काका फेटा बांधून असे उभे होते, जणू आत्ताच घोड्यावरून उतरलेत. पेढे संपले, माणसं पांगली, तेव्हा म्हातारी काठी टेकत आली. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय, असं तिनं मला विचारलं. मी सगळं वाचून दाखवलं, फक्त आमचं आडनाव गाळलं. ते तिच्यासमोर उच्चारायची लाज वाटली.

तिनं मान डोलावली.

"हओ बिन्नू, ठीकई लिखो है. हमाए पुरखा कऊँ नईं गए ते."

तिचे पूर्वज खरंच कुठे गेले नव्हते. मग तिनं पदर सावरला आणि आमच्या पाटीला वाकून नमस्कार केला.