आडवं पडलेलं पान

अकोल्यात जठारपेठेकडच्या त्या गल्लीत कुणाचा रेडिओ खरखरला, मिक्सर अडला, की लोक हेमचंद्र सरांचं दार वाजवायचे. सरांनी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, पण त्यांचा जीव रमायचा स्क्रू-ड्रायव्हर हातात आला की. त्यांची बायको चारुशीलाबाई संध्याकाळी घरीच गाणं शिकवत. बाईंची नजर अधू होत गेली आणि वहीतली बंदिश पुसट दिसायला लागली, तेव्हा सरांनी त्यांच्यासाठी एक यंत्र उभं केलं. पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक, लिनक्सवर चालणारा. त्याला टचस्क्रीन. सुताराकडून लाकडी स्टँड करवून ती स्क्रीन त्यांनी त्यात उभी बसवली, म्हणजे मोठ्या अक्षरांतलं अख्खं पान एका नजरेत मावावं. अशी स्क्रीन मुळात आडवी वापरायची. ती उभी केली की आतलं चित्रही फिरवून घ्यावं लागतं. सरांनी ते चहा गार व्हायच्या आत केलं होतं. बोट सरकवलं की पान उलटे, आणि बाईंचं गाणं पुढे जाई.

मग सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं, मग गॅसवर ठेवलेलं दूध. बाईंनी त्यांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सरांशी गोड बोलले आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "हे वाढत जाणार. आपण फक्त सावकाश करू शकतो." परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. गाडी थांबली तसे त्यांनी विचारलं, "हे कोणतं स्टेशन गं?"

ते मूर्तिजापूर होतं. सरांचं सगळं लहानपण त्या गावात गेलं होतं. बाईंनी नाव सांगितलं आणि पदर डोळ्यांना लावायचं टाळण्यासाठी पिशवीतली पाण्याची बाटली शोधत राहिल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी यंत्रातलं मेमरी कार्ड गेलं. "काही नाही, नवीन टाकतो," म्हणत सरांनी जुन्या हुशारीनं नव्या कार्डावर नवी सिस्टीम चढवली, आणि बाईंना वाटलं, डॉक्टरांचंच चुकलं असेल. यंत्र सुरूही झालं. फक्त पान आडवं पडलेलं. अक्षरं कुशीवर झोपल्यासारखी.

"सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते," सर म्हणाले. त्यांनी ती ओळ लिहिली आणि यंत्र बंद करून चालू केलं. पान आडवंच. पुन्हा लिहिली. पुन्हा आडवंच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या आधीच ते तिथे बसलेले. मान खांद्यावर टेकवून ते अक्षरं वाचत, एका बोटानं तीच ओळ लिहीत, आणि स्क्रीन उजळली की तिच्याकडे बघत राहत. जेवायला या म्हटलं तर हात झटकत. एकदा कुठल्याशा बटणानं चित्र उभं झालं. "चारू, ये, ये!" त्यांनी हाक मारली. बाई कणकेच्या हातानं धावल्या. पण सरांनी पान उलटायला बोट आडवं नेलं, तर पान वर सरकलं. चित्र फिरलं होतं, स्पर्श फिरला नव्हता. यंत्र बंद करून लावलं तर चित्रही परत आडवं.

बाईंना राहवलं नाही. "अहो, राहू द्या नं. मला सगळ्या बंदिशी पाठ आहेत."

सरांनी वळून पाहिलं. "मग इतके दिवस काहून वापरून राहिली होती?"

बोलायला नको होतं, हे बाईंना लगेच कळलं.

दुपारी सरांचा डोळा लागला, तशी बाईंनी हैदराबादला मुलाला, गौरांगला फोन लावला. पोरगा अशाच कामात होता. त्यानं बाबांनी लिहिलेली ओळ वाचायला सांगितली. बाईंनी एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्यानं ती परत एकदा वाचायला लावली.

"आई, ओळ बरोबर आहे. तंतोतंत बरोबर आहे. पण नव्या सिस्टीममध्ये ती ओळ चालतच नाही. आता पद्धत बदलली."

"म्हणजे बाबांचं चुकलं नव्हतं?"

"नाही गं. त्यांना सगळं आठवत होतं."

बाईंना हसू फुटलं. गौरांग सांगत गेला तसं त्यांनी केलं. स्टँडसकट स्क्रीन दिवाणावर कुशीवर ठेवली, म्हणजे अक्षरं सरळ वाचता येतील. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र फिरवलं, स्पर्शही त्याच स्क्रीनला जोडून दिला, आणि तो म्हणाला तिथे दाबून सगळं कायमचं केलं. चुकत, चष्मा पुसत, पण केलं. स्क्रीन उभी करून यंत्र पुन्हा लावलं. पान ताठ उभं राहिलं. बोट आडवं नेलं, पान उलटलं.

फोन ठेवून त्या तशाच आतल्या खोलीत गेल्या. सर जागे होऊन पलंगावर बसले होते.

"अहो, ऐकलं का? गौरांग म्हणाला, तुमचं काहीच चुकलं नव्हतं! ओळ बरोबरच होती. सिस्टीमवाल्यांनीच पद्धत बदलून टाकली."

सरांनी त्यांच्याकडे सौम्य नजरेनं पाहिलं. "कोणती ओळ?"

बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं, स्क्रीन दाखवली. सरांनी स्टँडवरून हात फिरवला, मागची वायर पाहिली.

"छान झालं. कोणी केलं?"

"तुम्हीच तर केलं."

सरांनी बोट आडवं नेऊन एक पान उलटलं. मग हळूच म्हणाले, "नाही. मी नाही केलं. तू मला लहान पोरासारखं समजावून राहिली, चारू."

ते गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसले. बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. काय सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते त्यांना तेव्हाही कळलं नाही, नंतरही नाही.

यंत्र अजून नीट चालतं. सर त्याला हात लावत नाहीत; कुणी काही दुरुस्तीला आणलं तर "मॅडमला विचारा" म्हणतात. संध्याकाळी शिकणाऱ्या बायका येतात, तानपुरा सुरू होतो, आणि बाई समोरचं पान बघून यमनची बंदिश सांगतात. गॅलरीतून सर विचारतात, "चारू, क्लास कधी सुरू होणार आहे?"

"होतोच आहे आता," बाई म्हणतात आणि पुढची ओळ उचलतात.