मशीनचे दात

देऊळघाटच्या कडूबानं जन्मभर शेती केली, पण गावानं त्याला ओळखलं ते बैलांच्या पारखीवरून. कुणाला जोडी घ्यायची असली की तो आधी कडूबाच्या ओट्यावर येऊन बसायचा. मग कडूबा दुपट्टा खांद्यावर टाकायचा, छत्री काखेत मारायचा आणि बाजाराला निघायचा. आभाळ कोरं असलं तरी छत्री लागायचीच. का, ते ऐका. एकदा एक व्यापारी पांढऱ्याशुभ्र गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "गाईपरीस गरीब हाये जी, लेकराच्या हाती कासरा द्या." कडूबानं दात पाहिले, खूर पाहिले, मान डोलावली आणि जाता जाता फाडकन छत्री उघडली. त्या गरिबानं खुंटा उपटला, व्यापाऱ्याचं धोतर शिंगावर घेतलं आणि थेट बाजाराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तेव्हापासून छत्री हे कडूबाचं हत्यार झालं.

पण पुढं गावात ट्रॅक्टर आले आणि गोठे ओस पडले. कडूबाच्या गोठ्यात आता नातवाची मोटरसायकल उभी असते. ओट्यावर विचारायला कुणी येईना. त्याची बायको विमलबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "आता कोंबड्यायचे दात पाहा." कडूबा हसायचा, पण ते बोलणं त्याला लागायचं. नजर शाबूत होती, ती लावावी असं काहीच गावात उरलं नव्हतं.

म्हणून ज्या सकाळी रहेमतुल्ला गुडघे धरत ओट्यावर येऊन टेकला, ती सकाळ कडूबाच्या चांगलीच ध्यानात आहे. रहेमतुल्ला म्हणजे शाळेत एका पाटावर बसलेला दोस्त. त्याचं किराणा दुकान. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून गल्ल्यावर त्याची बायको नूरबी बसते.

"कडूबा, बिलाचं मशीन घ्याचं म्हंतो," रहेमतुल्ला म्हणाला. "भाव रोज बदलतात, कोनतं सामान सरलं ते समजत नाही. बुलढान्याचा प्रसेनजित नावाचा पोरगा दोन मशीनं दाखवून गेला. एक काचेचं, एक बटनाचं. तू चाल पाहाले."

"मले मशीनमधलं काय समजते बे?"

"मशीनमधलं नाई समजत. पन घेन्यातलं तर समजते ना?"

बस, एवढं बोलणं पुरे झालं. कडूबा उठला आणि दुपट्टा शोधू लागला. आतून विमलबाई ओरडली, "छत्री घ्या हो, मशीन उधळंल!"

कडूबानं खरंच छत्री घेतली. दुकानात प्रसेनजितनं दोन्ही मशीनं मांडून ठेवली होती. काचेचं ऐटदार, बोट लावलं की उजळणारं. बटनाचं काळंसावळं, कॅलक्युलेटरच्या थोरल्या भावासारखं. कडूबानं दोन्ही उलटीपालटी केली, वायरी ओढून पाहिल्या आणि एकदम छत्री उघडली. मशीनं जागची हलली नाहीत. प्रसेनजित मात्र गुळाच्या ढेपेवर जाऊन बसला.

"आजोबा, हे काय?"

"काई नाई. तुले पाह्यलं," कडूबा म्हणाला. "आता असं कर, जुतलेलं, कामावरचं मशीन दाखव. बाजारात उभा बैल सगळ्यायचाच चांगला रायते. वखराले जुतला म्हंजे समजते."

म्हणून दुसऱ्या दिवशी कडूबा, रहेमतुल्ला आणि नूरबी एसटीनं मेहकरला गेले. तिथल्या एका चपलांच्या दुकानात काचेचं मशीन होतं. मालक ते दाखवताना नव्या नवरीचं कौतुक करावं तसा बोलत होता. "सोनं आहे काका, सोनं! डोळे मिटून घ्या." कडूबाच्या कपाळाला आठी पडली. तिथून ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथं बटनाचं मशीन. मशीनचं नुसतं नाव काढलं आणि मालक सुरू झाला, "काय सांगू बाप्पा! हरेक वस्तूले नंबर. खिळ्याले नंबर, स्क्रूले नंबर. पाठ करू करू डोकं फिरलं माह्यं. रात्री झोपीत बायकोले नंबरानं हाक मारली!"

परतीच्या एसटीत कडूबानं निकाल दिला. "बटनाचं घ्या."

"काऊन?" नूरबी चकित झाली. "तो मानूस तर शिव्या देऊन राह्यला होता!"

"म्हनूनच तं, भाभी. जो आपल्या बैलाची तारीफ करते, त्याले तो इकाचा असते. जो शिव्या देते, त्याले इकाचा नसते. चाळीस वर्सं हेच पाह्यलं मी."

"पन दादा, त्या चपलेवाल्याले कुठं मशीन इकाचं होतं?"

कडूबानं खिडकीबाहेर पाहिलं. पारख्यानं निकाल दिल्यावर तो फिरवायचा नसतो. रहेमतुल्लानं दोस्ताचा शब्द खाली पडू दिला नाही. प्रसेनजितला फोन लावला. पण कडूबानं तो फोन हातात घेतला आणि जुन्या बाजाराची बोली घातली, "आधी बाजारच्या दिवशी चालवून पाहू. पसंत पडलं तं ठेवू, नाई तं परत. आन् जोडीले ते काचेचंबी ठेव."

"आजोबा, तुम्हाला बटणाचंच हवं आहे ना? मग दोन कशाला?"

"एकटा बैल कसा चालते ते एकट्यानं समजत नाही, लेका. जोडीले दुसरा लागते."

प्रसेनजितनं कुरकुर केली, पण आणून दिली. बटनाच्या मशीनसाठी नंबरांची यादी भिंतीला डकवली. काचेच्या मशीनमध्ये त्यानं आणि नूरबीनं दुपारभर बसून डाळी, साबण, बिस्किटं यांचे फोटो भरले.

आठवडी बाजाराचा दिवस उजाडला. सकाळपासून दुकानापुढं पिशव्यांची गर्दी. कडूबा पंचासारखा साखरेच्या पोत्यावर बसला. नूरबीनं बटनाचं मशीन पुढं ओढलं. ती शिकलेली उर्दू शाळेत. मराठी वाचायची, पण सावकाश, एकेक अक्षर निवडत. एक डोळा भिंतीवर, एक बटनांवर, एक हात तराजूवर. मागचे लोक "भाभी, लवकर" करू लागले. तिच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात पिठाच्या गिरणीवाल्या जानरावनं बिल वाचलं आणि मोठ्यांदा विचारलं, "भाभी, मी चहापत्ती नेली ना? इथं तं उंदराचं औषध छापून आलं! घरी चहा मांडू का नको?"

दुकान खदखदलं. नूरबीही तोंडाला पदर लावून हसली. हसला नाही तो एकटा कडूबा. हार्डवेअरवाला जे सांगत होता, ते सगळं त्याला आता ऐकू येत होतं. तो माणूस विकतही नव्हता आणि खोटंही बोलत नव्हता. बैलबाजाराच्या सवयीनं कडूबानंच त्याचं बोलणं उलटं धरलं होतं. कडूबाला वाटलं, संपलं. उद्या ओट्यावर कुणी येणार नाही, आणि जे येतील ते हसायला येतील.

पण मग तो स्वतःच पोत्यावरून उठला. बटनाचं मशीन त्यानं दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि काचेचं नूरबीपुढं सरकवलं. "भाभी, हे जुता. मी चुकलो."

नूरबीनं बोट टेकवलं. चहापत्तीचा फोटो, साबणाचा फोटो, तुरीच्या डाळीचा फोटो. वाचायचं काम नाही, पाठ करायचं काम नाही. बोट टकाटक चालू लागलं. मधेच लाइन गेली. काचेच्या आत बॅटरी होती, मशीन चालत राहिलं. दुपारपर्यंत गर्दी ओसरली आणि नूरबी खुशीत म्हणाली, "हे आपलं."

संध्याकाळी रहेमतुल्लानं नवा दुपट्टा आणि नारळ पुढं केला. जोडी पसंत पडली की पारख्याला द्यायचा मान तो.

"चुकलेल्या पारख्याले कायचा दुपट्टा?" कडूबानं हात मागं घेतला.

"घ्या दादा," नूरबी नवऱ्याकडं बोट करत म्हणाली. "हे तं फोनवर एकच मशीन सांगत होते. जोडीले दुसरं कोनी ठेवलं? तुम्हीच ना?"

रहेमतुल्लानं दुपट्टा जबरदस्तीनं त्याच्या खांद्यावर टाकला. "आन् चूक तोंडानं सांगनारा पारख्या मी बाजारात दुसरा पाह्यला नाई."

पुढच्या आठवड्यात कडूबा ओट्यावर बसला होता. जानराव आला. कडूबानं मनाची तयारी केली; उंदराच्या औषधाचा विषय निघणार. जानराव शेजारी टेकला आणि म्हणाला, "कडूबादादा, गिरनीसाठी नवा वजनकाटा घ्याचा हाये. येता का पाहाले?"

कडूबाचा हात दुपट्ट्याकडं गेला, पण मधेच थांबला.

"काट्यावर बसते कोन? तू का तुही बायको?"

"तेच बसते."

"मंग तिले सोबत घे. ते म्हनंल तोच काटा. मी फक्त बोली करतो."

आतून विमलबाईचा आवाज आला, "आन् छत्री?"

"छत्री तं लागतेच," कडूबा म्हणाला, "इकनारा पाहाले."